गुप्तहेरांच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात का?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळ्या नको असतात, गोष्टी हव्या असतात. त्यातही शत्रूच्या ताब्यात गेलेल्या शहरात नाव बदलून वावरणाऱ्या तरुण हेरांची गोष्ट निघाली की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा पुढे सरकून बसतो. यावरून एका पालकांनी मला हटकले होते. "सर, पोरांनी खोटं बोलू नये म्हणून आम्ही घरात ओरडतो आणि तुम्ही शाळेत खोटं बोलणाऱ्यांना थोर ठरवता?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हेराचे नाव खोटे, पत्ता खोटा, धंदा खोटा. मग अशी पुस्तके मुलांच्या हाती का द्यावीत? आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आधी एका कादंबरीविषयी सांगतो. शौना सिंग बाल्डविन या भारतीय वंशाच्या लेखिकेची 'द टायगर क्लॉ' ही इंग्रजी कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी १४ जून १९४० रोजी पॅरिस घेतले आणि २५ ऑगस्ट १९४४ पर्यंत ते शहर त्यांच्या टाचेखाली होते. त्या पॅरिसमध्ये गुप्तपणे काम करणाऱ्या नूर इनायत खान या तरुणीची ही कथा. कादंबरीतील नूर आर्मां नावाच्या ज्यू तरुणाच्या शोधात पॅरिसला परतते आणि पुढे तुरुंगातून आपल्या न जन्मलेल्या अपत्याला उद्देशून लिहिते. पुस्तक चांगले आहे, परंतु ते प्रौढांचे आहे. आठवीच्या मुलाच्या हाती मी ते देणार नाही. कॉलेजात जाणाऱ्याने अवश्य वाचावे. मात्र वाचताना हे ध्यानात ठेवावे की नूर ही खरीच होऊन गेली, आणि तिची खरी हकिगत कादंबरीहून साधी व अधिक कठीण आहे.

नूरचे वडील हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. घराण्याचा धागा टिपू सुलतानापर्यंत नेला जातो. आई अमेरिकन. नूरचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत झाला आणि ती वाढली पॅरिसजवळ सुरेन येथे. तेरा वर्षांची असताना वडील वारले. थोरली मुलगी म्हणून धाकट्या भावंडांचे बरेचसे तिच्यावर पडले. ती वाद्य वाजवी, सोरबॉन विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकली, आणि मुलांसाठी गोष्टी लिही. जातककथांमधील वीस गोष्टींचे तिचे पुस्तक १९३९ साली निघाले. अशी ही मुलगी युद्ध सुरू झाल्यावर घरच्यांसह इंग्लंडला गेली आणि तेथील हवाई दलाच्या महिला शाखेत बिनतारी संदेश पाठवण्याचे काम शिकली.

मिरकरवाड्याच्या लोकांना बिनतारी यंत्र म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. ते आपल्या बोटींवर असते. एका बोटीवरून बोललेले शब्द त्याच चॅनेलवर कान लावून बसलेल्या प्रत्येक बोटीला ऐकू जातात. मासळी कुठे लागली हे सांगताना आपले तांडेल किती जपून बोलतात, हे तुम्ही जाणताच! पॅरिसमध्ये तीच गोष्ट जिवावर बेतणारी होती. जर्मनांच्या गाड्या संदेशाची दिशा हुडकत रस्त्यांतून फिरत. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे यंत्र असणार, एवढा साधा भूमितीचा हिशेब. म्हणून एका जागी फार वेळ बसता येत नसे. सूटकेसमध्ये बसणारे यंत्र उचलायचे, दुसरे घर गाठायचे, तिथे तार टांगायची, संदेश पाठवायचा आणि पुन्हा निघायचे.

जून १९४३ मध्ये एका रात्री नूरला विमानाने फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. इंग्लंडहून तेथे पाठवलेली ती पहिली महिला बिनतारी चालक. दहा-बारा दिवसांतच ज्या गटात ती दाखल झाली होती त्यातील माणसे धडाधड पकडली गेली. परत ये, असे लंडनहून सुचवण्यात आले. ती गेली नाही, कारण ती गेली असती तर त्या गटाचे लंडनशी असलेले बोलणेच तुटले असते. पुढे साडेतीन महिने ती हे काम करीत राहिली.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. नूरला खोटे बोलणे जमत नसे. दुतोंडीपणाचे काम करायला आपल्याला आवडणार नाही, असे तिने प्रशिक्षणातच सांगितले होते आणि तिच्या अहवालात ते नोंदलेले आहे. काही वरिष्ठांना ती या कामाला नालायकच वाटत होती. तिचे चरित्रकार एक प्रसंग सांगतात. भुयारी रेल्वेत दोन जर्मनांनी तिला सूटकेसमध्ये काय आहे म्हणून विचारले. सिनेमाचे यंत्र आहे, असे म्हणून तिने ती किंचित उघडूनही दाखवली. त्यांना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी मान डोलावली. म्हणजे वेळ आली तेव्हा ती खोटे बोलली. हे मी मुलांपासून लपवीत नाही.

तिच्या हातून एक घोटाळा मात्र झाला, आणि शिक्षक म्हणून तो मला फार लागतो. पाठवलेला प्रत्येक संदेश ती वहीत उतरवून ठेवी. संदेश सांभाळून ठेवण्याविषयी मिळालेल्या सूचनेचा अर्थ तिने तसा घेतला होता. वही नीट ठेवा, सगळे उतरवून घ्या, हेच आपण वर्गात शिकवतो ना? ऑक्टोबर १९४३ मध्ये ओळखीतल्याच कोणीतरी पैशासाठी तिचा ठावठिकाणा सांगितला. ती पकडली गेली तेव्हा त्या वह्याही जर्मनांच्या हाती लागल्या. त्यांच्या आधारे तिच्याच नावाने ते लंडनला संदेश पाठवीत राहिले, आणि त्यावर विसंबून आलेली आणखी माणसे पकडली गेली. कादंबरीकाराला असे सुचले असते तर वाचक म्हणाला असता, हे काही पटत नाही.

परंतु चौकशीत तिच्या तोंडून काही निघाले नाही. पकडणाऱ्या अधिकाऱ्यानेच युद्धानंतर तशी साक्ष दिली. पळून जाण्याचे दोन प्रयत्न तिने केले. दुसऱ्या प्रयत्नानंतर तिला सांगण्यात आले, "पुन्हा पळणार नाही असे लिहून दे." लिहून देऊन नंतर पळता आले असते. खोटे नाव, खोटे कागद घेऊन वावरलेल्या माणसाला एक खोटी सही काय जड? ती सही तिने केली नाही. मग बेड्या घालून जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात एकांतवासात दहा महिने, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत गोळी. वय तीस. १९४९ साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. हवाई दलाच्या मुलाखतीत तिने सांगून टाकले होते की युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहू. हेही लपवावेसे तिला वाटले नाही.

पॅरिस दूर राहिले. त्याच युद्धाच्या काळात आपल्या मुंबईत काय चालले होते ते पाहा. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. हे शब्द ज्यांनी सुचवले असे मानतात ते युसूफ मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते. ९ तारखेच्या पहाटे गांधीजी व इतर पुढारी तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधने आली. खरी बातमी लोकांपर्यंत न्यायची कशी? बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी यांनी साहित्य पुरवले, राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकुरात लक्ष घालीत. ४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी, एवढाच पत्ता सांगून कार्यक्रम सुरू होई. आधी इक्बाल यांच्या 'सारे जहाँ से अच्छा'ची तबकडी, शेवटी 'वंदे मातरम्'. चितगावचे बाँबहल्ले, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार या दडपलेल्या बातम्या येथून लोकांना कळल्या. पोलिसांच्या गाड्या मागावर होत्या. जागा बदलत राहावे लागे. चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी, नेहमीचीच ही वस्ती. शेजाऱ्याला पत्ता नाही.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत पोलीस दार फोडून आत शिरले. ज्याने यंत्र बांधून दिले होते त्याच तंत्रज्ञाने जागा दाखवली होती. पॅरिस असो की गिरगाव, गाड्यांना जे साधले नाही ते जवळच्या माणसाने केले. तबकडी चालू होती. ती संपेपर्यंत उषाताईंनी ती थांबवू दिली नाही.

मग महिनोन्महिने चौकशी. सोबत्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करू, असे आमिषही दाखवण्यात आले. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना विचारले, "मला उत्तरे देणे बंधनकारक आहे काय?" नाही, असे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. स्वतःच्या बचावासाठीही नाही. खोटे बोलून सुटण्याची वाट होती, खरे बोलून इतरांना अडकवण्याचीही होती. त्यांनी दोन्ही टाळल्या आणि चार वर्षांची शिक्षा घेतली. १९४६ साली येरवड्याहून सुटल्यावर त्यांनी गांधीविचारावर डॉक्टरेट केली आणि विल्सन कॉलेजात अनेक वर्षे शिकवले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या. त्यांच्यावर 'ए वतन मेरे वतन' हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला. चित्रपट पाहायला हरकत नाही, पण तो इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत उतरवू नका. हे मी तपासताना पाहिले आहे म्हणून सांगतो.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. खुद्द गांधीजींना गुप्त काम मान्य नव्हते. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर भूमिगत कार्यकर्त्यांनी उघड व्हावे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. म्हणजे ज्यांच्या नावाने ही मुले जीव धोक्यात घालीत होती त्यांनाच ती पद्धत पसंत नव्हती. कोण बरोबर? माझे मत विचाराल तर, दुसऱ्याचे गुपित ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते, आणि आपल्या घरांत हा शब्द रोजचा आहे. अमानत सांभाळण्यासाठी गप्प राहणे आणि स्वतःच्या फायद्यासाठी खोटे बोलणे, या दोहोंत मला मोठे अंतर दिसते. सूटकेसच्या प्रसंगी नूरने ते अंतर थोडे ओलांडले, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. परंतु हा वाद मुलांना घालू द्यावा. बोधकथेत तो घालता येत नाही, कारण उत्तर आधीच छापलेले असते. चांगल्या ऐतिहासिक कादंबरीत ते नसते.

आणखी जवळ यायचे तर गोवा आहे. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात सांगलीचे मनोहर आपटे मराठीचे शिक्षक म्हणून गेले, ते मोहन रानडे या नावाने. दिवसा शाळा आणि आझाद गोमंतक दलाचे भूमिगत काम. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच. सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मी शिक्षक असल्यामुळे मला राहून राहून त्यांच्या वर्गातल्या मुलांचा विचार पडतो. एके दिवशी गुरुजी आलेच नाहीत, तेव्हा त्यांना कोणी काय सांगितले असेल?

आणि लिबिया लोबो. त्यांनी व वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर १९५५ पासून गोव्यासाठी गुप्त नभोवाणी चालवली, ती आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलांतून. आंबोली म्हणजे तेव्हाच्या आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात. पावसाळ्यात आंबोली काय असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या सहा वर्षांची कल्पना येईल. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करल्यावर या दोघांना हवाई दलाच्या विमानात बसवण्यात आले. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला होता. ज्या आवाजाचा ठिकाणा पोलिसांना सहा वर्षे लागला नाही तो त्या दिवशी गोव्यावर घिरट्या घालीत, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, खालच्या लोकांना सांगत होता की गोवा मुक्त झाला.