आवाज ज्याचा, हक्क त्याचा



आज आम्ही तुमच्यापुढे एका दूरच्या देशातील लोकांची गोष्ट मांडणार आहोत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरीनाम हा लहानसा देश आहे. डच वसाहतीच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे गुलाम म्हणून राबवली गेली. त्यांतले अनेकजण पळाले, घनदाट जंगलात नदीकाठी गावे वसवून राहिले आणि पाठलाग करणाऱ्या फौजांशी लढले. अशा लोकांना मरून म्हणतात. त्यांतील सामाका लोकांशी १७६२ साली डचांना तह करावा लागला. गुलामी कायद्याने संपली ती १८६३ साली. म्हणजे हे लोक शंभर वर्षे आधीच मोकळे झाले होते!

त्यांचा इतिहास कागदावर कुणी लिहिला? मालकांनी. त्यांनी स्वतः तो गाण्यांत, गोष्टींत आणि आपिंती नावाच्या ढोलाच्या बोलांत सांभाळला.

१९२८ व १९२९ साली अमेरिकन अभ्यासक मेलव्हिल आणि फ्रान्सिस हर्स्कोविट्स या पतिपत्नींनी सुरीनाममधली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. पुढे रिचर्ड आणि सॅली प्राइस यांनी सामाका गावांत राहून मुद्रण केले. त्याची ध्वनिमुद्रिका १९७७ साली फोकवेज कंपनीने काढली.

पण मुद्रण केले म्हणजे आवाज अमर झाला, असे नव्हे. मेणाचे नळकांडे प्रत्येक वेळी वाजवताना झिजते, त्याला बुरशी लागते. टेपवरचा थर दमट हवेने चिकट होतो, सुटतो. टेप वाजवणारी यंत्रेही आता सहज मिळत नाहीत. म्हणून एकदाच जपून वाजवून त्याची संगणकीय प्रत करावी लागते आणि ती दोन-तीन ठिकाणी ठेवावी लागते. सोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख हवी. नाहीतर तो आवाज असूनही अनाथच!

आणखी एक गोष्ट. पूर्वज पळाले, लढले त्या काळाला सामाका ‘फेसितेन’ म्हणजे पहिला काळ म्हणतात. ते ज्ञान पवित्र आणि जोखमीचे मानतात; वडीलधारे ते थोडे थोडे, पारखून देतात. मग मुद्रित झालेले सगळे सगळ्यांना ऐकवावे काय? हे परदेशातल्या कपाटाने ठरवू नये, त्या लोकांनीच ठरवावे. प्रत प्रथम त्यांच्या हाती द्यावी.

१९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली सामाकांची कितीतरी गावे बुडाली, हजारो माणसे विस्थापित झाली. २००७ साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्यांचा जमिनीवरचा सामूहिक हक्क मान्य केला. जमिनीवर हक्क, तर पूर्वजांच्या आवाजावर का नाही?

तुमच्याही घरी जुन्या कॅसेट असतील. त्यांवर आजच गाणाऱ्याचे नाव लिहा, विचारून प्रत करून घ्या. एवढे बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो.

जयभीम!