प्रकाशाची तलवार

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की शिक्षकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. भीमाची गदा पुठ्ठ्याची करता येते; पण मुलांना परग्रहावरचे नाटक हवे असेल, नायकाची तलवार उजळावी आणि घुमावी असा हट्ट असेल, तर काय करावे?

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा अमेरिकन चित्रपट आला. त्यातली प्रकाशाची तलवार जगभर गाजली. तिची मूठ कशाची होती म्हणाल, तर ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशचा दांडा! सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनच्या एका दुकानात सापडला. त्यावर त्यांनी काळ्या पट्ट्या चिकटवल्या. पाते म्हणजे साधी काठी. तिचे तेज मागाहून फिल्मवर चढवले. आवाज बेन बर्ट यांनी जुळवला. प्रोजेक्टरच्या मोटारीची घरघर आणि टीव्ही संचाजवळ माइक नेताना उठलेला गुंजारव त्यांनी एकत्र केला, तो कर्ण्यातून वाजवला आणि त्यापुढे दुसरा माइक हलवला. आगगाडीची शिटी जवळ येताना चढते, दूर जाताना उतरते. तसाच तलवार फिरल्याचा भास झाला.

चित्रपटाला मागाहून जोडण्याची सोय असते. रंगमंचाला ती नाही. तिथे बटण दाबताच दिवा लागला पाहिजे.

मग असे करा. पाण्याच्या प्लॅस्टिक नळीचा वीतभर तुकडा घ्या, ही मूठ. आत ९ व्होल्टची बॅटरी बसवा. लाल एलईडी दिव्याला सुमारे २ व्होल्ट पुरतात. बॅटरी थेट जोडली तर तो जळून जाईल. म्हणून उरलेल्या ७ व्होल्टांसाठी ४७० ओहमचा रोधक मध्ये घाला. ७ ला ४७० ने भागा. सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह येतो, तो दिव्याला सोसतो. दिव्याचा लांब पाय धन बाजूला हवा. ९ व्होल्टचा बझर वेगळ्या शाखेत जोडा, बटण मात्र दोघांना एकच ठेवा. पात्यासाठी ट्रेसिंग कागदाची सुरळी करून दिव्यावर बसवा. बझरवर कापडाची घडी ठेवली की कर्कश आवाज मऊ होतो. आणि एक पथ्य पाळा: खेळातले शस्त्र खऱ्या बंदुकीसारखे दिसता कामा नये.

पहिल्या खेपेला दिवा बहुधा लागणार नाही. शिक्षकांनी तेव्हा हात मागे बांधून उभे राहावे. तार सुटली की पाय उलटे लागले, हे मुलांनाच शोधू द्यावे. ओहमचा नियम फळ्यावरून उतरवून घेणारा मुलगा तो परीक्षेपुरता जपतो. आपल्या तलवारीत ज्याने तो वापरला, तो उद्या शेतावरचा पंप बंद पडला तर आधी जोडण्या तपासून पाहील.