दोन मिनिटांचा श्वास
(कशेळे येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही ना वैद्य, ना योगी. मुलांस कविता शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि प्रश्नपत्रिका हाती पडताच मुलाचे खांदे कसे वर चढतात, श्वास कसा छातीतच अडकतो आणि पाठ असलेले उत्तरही कसे आठवेनासे होते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. तेच चढलेले खांदे आज कर्जतला पहाटेची लोकल गाठणाऱ्या तरुणांचे आणि लावणीच्या दिवसांत आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यांचे दिसतात.

कर्जतहून गाडी घाट चढली की लोणावळे. तेथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापिले. हे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले होते, याचा आम्हां शिक्षकांस अभिमान वाटतो. योगक्रिया केवळ श्रद्धेने न स्वीकारता यंत्रांनी तपासाव्यात, हा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही काढले.

पुष्कळांची अशी समजूत असते की, जोरजोराने श्वास ओढला म्हणजे अधिक प्राणवायू मिळतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. घाईने ओढलेल्या श्वासांनी उलट कर्बवायू कमी होऊन भोवळ येते, बोटांना मुंग्या येतात. खरी किल्ली उच्छ्वासात आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. म्हणून सोडणे लांबविले की हृदयास विसावा मिळतो.

पोटावर हात ठेवून नाकाने चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा. मध्ये रोखू नये. असे दहा श्वास. दोन मिनिटेही लागत नाहीत. लोकलमध्ये जागा मिळताच किंवा दिवेलागणीस, वेळ एकच ठरवावी, म्हणजे सवय टिकते. गृहिणीने मात्र केव्हा बसावे? ती टेकली की चहा मागणारा दारात उभाच! तिची ही दोन मिनिटे घरच्यांनी राखली पाहिजेत.

आमचे भजनी बांधव हे नकळत करीतच असतात; अभंगाचा चरण एका श्वासात आळविणे म्हणजे दीर्घ उच्छ्वासच. २००१ साली इटलीतील संशोधकांनी लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र यांचा अभ्यास केला. दोहोंत श्वास मिनिटास सुमारे सहा असा संथ झाला. धर्म भिन्न, गती एकच!

परंतु श्वासाने सर्व रोग बरे होतात, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना न विचारता सोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय. छातीत कळ आली, तर अंक मोजीत न बसता तात्काळ दवाखाना गाठावा. कर्जाचा हप्ताही श्वासाने फिटत नाही. मात्र सावकारासमोर किंवा साहेबासमोर बोलताना जीभ अडखळत नाही, वेडेवाकडे उत्तर तोंडून जात नाही, एवढा लाभ निश्चित आहे.

असो. अध्यक्षांची अनुज्ञा असेल, तर भोजनाची पाने मांडण्यापूर्वी आपण सर्वांनी दहा श्वास घ्यावेत. अंक आम्ही मोजतो.