दमट हवेतला कुत्रा
विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, रत्नागिरीत तो उन्हाळ्यातही बहुधा ३३-३४च्या आसपास राहतो. मग इथल्या कुत्र्याला उन्हाची काय भीती, असं कुणी म्हणेल. पण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरचा ओलावा उडतो, मुख्यतः त्यामुळेच त्याचं अंग निवतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओलावा लवकर उडतच नाही. चपट्या नाकाच्या पगचे तर फारच हाल होतात. मग केस भादरून टाकावेत का? नको, दाट केस उन्हापासून कातडी राखतात. थंडी इथे सौम्यच, पावसात भिजलेलं अंग मात्र कोरडं करा. उन्हाळ्यात कुत्र्याला मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला सकाळी लवकर न्या, आणि तो झोकांड्या देऊ लागला तर अंगावर साधं पाणी ओतून, वारा घालून लगेच पशुवैद्यकाकडे न्या.