वावर आपलं, सातबारा कोणाचा?

घाटंजी तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक म्हणून मी आज तुमच्याशी बोलते आहे. विषय आहे अतिवृष्टीच्या अनुदानाचा.

२०२५ च्या पावसाळ्यात आपलं सोयाबीन शेंगेतच सडलं, पऱ्हाटीची बोंडं काळी पडली. ऑक्टोबरमध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न, "ताई, यादीत नाव आलं का?" आमच्या गटातल्या एका काकूंच्या घरचं नाव आलं. पण ते होतं तीन वर्षांआधी वारलेल्या त्यांच्या मालकाचं. आता अंगठा कोण लावणार?

आधी हिशेब समजून घेऊ. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असा दर २०२५ मध्ये होता. एरवी मर्यादा २ हेक्टरची, २०२५ मध्ये ती ३ हेक्टर केली. शिवाय रब्बीच्या बियाण्या-खतासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे. तीन एकर वावर म्हणजे साधारण १.२ हेक्टर. कोरडवाहूच्या दराने त्याचे होतात १०,२०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, निंदण यांचा खर्च यात निघत नाही, हे तुम्हीही जाणता, मीही जाणते. पण जे आहे ते आपल्या हक्काचं आहे, ते कागदापायी बुडू नये. पीक विमा वेगळा, हे अनुदान वेगळं, हेही ध्यानात ठेवा.

आता पैसा येतो कसा? तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. यादी तहसीलला जाते, संगणकावर चढते आणि प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात आधारची ई-केवायसी करायची, मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे जमा होतात. २०२५ च्या मदतीत, ज्यांनी शेतकरी ओळख क्रमांक काढला होता, त्यांना ही ई-केवायसी माफ केली. म्हणून तो क्रमांक काढून ठेवा. आणि हे पैसे बँकेने कर्जात वळते करू नयेत, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. कोणी कापले तर गप्प बसू नका, तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या.

बायांचं अडतं ते नावापाशी. म्हणून तीन कामं सांगते.

पहिलं, घरचा कर्ता गेला असेल तर वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. २०२५ मध्ये शासनाने यासाठीच 'जिवंत सातबारा' मोहीम काढली होती.

दुसरं, सातबारा सामाईक असेल तर दीर-जावांशी आधीच बोलून घ्या. एकाच्या खात्यात पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. भांडण झाल्यावर सही मिळत नाही.

तिसरं, मालक हयात असतानाच आपलं नाव चढवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची चळवळ केली आणि १९९२ पासून शासनाचं तसं परिपत्रक आहे. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर येतं. घरात हा विषय काढायला जड जातं, मला कळतं. "तुमचं नाव काढायचं नाही, माझं सोबत लावायचं आहे," एवढंच म्हणा.

त्या काकूंचा फेरफार आता मंजूर झाला आहे. सासू आणि दोन लेकरांसोबत त्यांचं नाव लागलं. अनुदानासाठी तहसीलला अर्ज दिला आहे, त्याची पोच गटाच्या फाईलमध्ये आहे. पैसे येईपर्यंत आम्ही त्यांच्यासोबत जातच राहू.

पुढच्या बैठकीला बचतीच्या पैशांसोबत सातबारा आणि पासबुक घेऊन या. जिला वाचता येत नाही, तिचा आपण सगळ्या मिळून वाचू. पाऊस पुन्हा येणारच आहे. त्याच्या आधी कागद नीट करू.