हृदयाचा आलेख आणि वेळेचे मोल



१६७४ मध्ये प्रतापराव गुजर ज्या नेसरीत धारातीर्थी पडले, तेथे छातीतील कळ अंगावर काढणे हे शौर्य मानले जाऊ नये. हृदयाचा विद्युत्-संकेत त्वचेवर जेमतेम एक मिलिव्होल्टचा असतो. त्यात स्नायूंची थरथर आणि वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळते. हा गोंगाट गाळून ई.सी.जी.चा आलेख स्पष्ट करणे, हे संकेत-प्रक्रियाशास्त्राचे कार्य होय. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले, हातात मावणारे यंत्र असा आलेख मोबाइलद्वारे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविते. मात्र पहिला आलेख निर्दोष आला, तरी कळ थांबली नसल्यास रुग्णालय सोडू नये. यंत्र अंतर मिटविते. वेळेवर पोहोचणे मात्र आपल्याच हाती आहे.