घरात घालायच्या सपाता

आम्ही डिलाईल रोडच्या बायका बोलतोय. आता रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असं नाव आहे, पण गावाकडून येणारा पाहुणा अजून डिलाईल रोडच विचारतो. तुमच्यापैकी कितीतरी जणींची माणसं इथल्या गिरण्यांत राबून गेली असतील.

आमच्याकडे बीडीडीच्या ३२ चाळी होत्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा पगार थांबला, तेव्हा कितीतरी घरं बायकांनी डबे करून, पोळ्या लाटून ओढली. पहाटेपासून लादीवर उभं राहायचं, तेही अनवाणी, कारण चपला दाराबाहेर. त्या पायांच्या भेगा आम्ही पाहिल्यात. म्हणून लोकरीच्या सपाता विणायला घेतल्या.

पहिल्या जोडीनं मात्र आमची फजिती केली. शेजारच्या आजींना मोठ्या हौसेनं दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्या गॅलरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, मनगट सुजलं. चूक आमचीच. लोकरीचा तळ गुळगुळीत लादीवर सरकतो, हे आम्ही नक्षीच्या नादात विसरलो होतो.

आता कशा करतो ते सांगतो. पाऊल संध्याकाळी मोजायचं, कारण दिवसभराच्या कामानं ते थोडं फुगतं. कागदावर उभं करून पेन्सिल फिरवा. दोन्ही पावलं काढा, ती सारखी नसतात. जोडीला साधारण शंभर ग्रॅम लोकर लागते. दोन धागे एकत्र घ्या, क्रोशाची सुई पाच मिलिमीटरची.

अंगठ्याकडून सुरू करा. चार साखळ्यांचं कडं, त्यात सहा मुके खांब. मुका खांब म्हणजे टाक्यात सुई घालून लोकर ओढायची, सुईवर दोन वेढे झाले की दोन्हींतून एकदम काढायची. पुढच्या फेरीला बारा, मग अठरा. इथे पायावर चढवून बघा. पाऊल रुंद असेल तर आणखी वाढवा, नाहीतर टाके न वाढवता गोल विणत जा. बोटं झाकून विणकाम पावलाच्या उंचवट्याशी आलं की वरचे मधले सहा टाके सोडून द्या आणि बाकीच्यांवर उलटसुलट ओळी घाला. हे टाचेपर्यंत. पण लांबी कागदावरच्या पावलापेक्षा एक सेंटिमीटर कमीच ठेवा, लोकर ताणते. सैल सपात म्हणजे पडण्याला आमंत्रण. शेवटी मागची कड दुमडून शिवायची आणि तोंडाभोवती मुक्या खांबांची एक फेरी.

आता तळ. सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणा, साबणानं धुवा. पुढच्या चवड्याला एक आणि टाचेला एक असे तुकडे कापा, कडेनं दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवा. डिंकानं चिकटवलेलं पहिल्या धुण्यातच सुटतं, आम्ही करून बसलोय. तुमच्याकडे सारवलेली जमीन असेल तर घसरण्याची भीती कमी, पण माती फार धरते. तिथे तळाला जुन्या जीनचं कापड शिवलेलं बरं.

घरात कुणाला साखर असेल तर गाठी सगळ्या बाहेरच्या बाजूला ठेवा. अशा माणसाच्या पायाला खुपलेलं कळत नाही, आणि एवढ्याशा फोडाची जखम होऊन बसते. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं, रात्री तळवे बघायचे. जखम दिसली तर हळद लावून वाट न बघता दवाखाना गाठायचा. ओल्या सपाता तर कुणीच घालू नयेत. मोरीत जाताना त्या काढूनच ठेवा.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, दाबून सावलीत आडव्या वाळवायच्या. बचत गटातून विकणार असाल तर लोकरीच्या किमतीवर दोन संध्याकाळची मजुरी धरा. ‘घरबसल्या तर करताय’ असं म्हणून भाव पाडणारी गिऱ्हाइकं इथेही पुष्कळ आहेत.

आजींना आम्ही दुसरी जोडी दिली, ट्यूब लावलेली. रोज घालतात. रंग तेवढा पसंत नाही. काळ्या हव्या होत्या म्हणे, मळ दिसत नाही.